कार्डावरचा शब्द

अनोमाबू, २० फेब्रुवारी १९६१

ती. एक्वाताईस, अराबाचा सा. न.

देवकृपेने सारे क्षेम. लॉरीने सहा चादरी, दोन तसराळी, एक कंदील पोचला. हमाली दोन शिलिंग. आम्हा बायकांच्या मंडळाने बांधलेल्या बाळंतखोलीचं सामान पुरं झालं, पण दार काही उघडत नाही. उद्घाटनाच्या निमंत्रण-कार्डावर 'इनॉगरेशन' छापलंय. उपदेशक आर्थर म्हणतात, हा चर्चचा पवित्र शब्द, इथे दारू ओतून पूर्वजांना हाक मारणं चालायचं नाही. गावचे प्रमुख नाना क्वेग्यीर म्हणतात, पूर्वजांना विचारल्याशिवाय कुलपाला हात लावून दाखवा. इकडे माझ्या लेकीचे, मान्साचे दिवस भरत आलेत. तिचं पहिलं बाळ इस्पितळाच्या वाटेवर लॉरीतच गेलं, तेव्हा तूच तिला सावरलंस. तू शाळेत शिकवतेस. त्या शब्दात एवढं आहे तरी काय ते कळव. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी अराबा

केप कोस्ट, २४ फेब्रुवारी

चि. अराबास अनेक आशीर्वाद.

शाळेतला जाड कोश उघडला. जुन्या रोममध्ये ऑगर नावाचे पुजारी होते. मोठं काम सुरू करण्याआधी ते पक्षी कुठून कुठे उडतात ते पाहायचे. कौल चांगला मिळाला, की कामाला हात. त्यावरून हा शब्द. आर्थरना म्हणावं, तुमचा शब्द बाप्तिस्मा न घेताच चर्चमध्ये शिरलाय. पण जपून सांग, तुझी जीभ मला ठाऊक आहे. मान्साला हिंडतं-फिरतं ठेव. माया असू दे.

एक्वा

अनोमाबू, २ मार्च

ती. ताईस सा. न.

सांगितलं, जपूनच. आर्थरनी स्वतः कोश आणून पाहिला आणि मान्य केलं, शब्द चर्चचा नाही. वाटलं, सुटलं. पण आता म्हणतात, शब्द बदलून कार्डं पुन्हा छापू, पंधरा दिवस लागतील. नाना मांडी थोपटून हसले; म्हणाले, म्हणजे गोऱ्यांचे म्हातारेही आकाशाकडे बघत बसायचे, मग आधी माझीच बाटली. दोघांनाही सवड आहे. मान्साला नाही. काल तिच्या कंबरेत कळ आली होती.

प्रार्थना करून ठरवलंय. मंगळवारी होड्या समुद्रावर जात नाहीत, पुरुष घरी असतात. त्यांच्याकडून पलंग आत नेववीन आणि मान्साला घेऊन मीच आत जाईन. किल्ली माझ्याकडे आहे. दोघांना निरोप धाडलाय, मागाहून या, हवं ते करा. फक्त हळू बोला, आत बाळंतीण असेल.

तुमच्याकडच्या सुईणबाई सोमवारच्या लॉरीने येतात का, ते उलट टपाली कळव. येत नसतील तर तसंही कळव, म्हणजे पाणी मीच तापवीन.

अराबा