पुढच्या सीटवरचा वैमानिक

लॅडी,

शनिवार, १४ जून, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गावच्या विमानमेळाव्यात विमान उत्तम उतरवल्याच्या बक्षिसाची माझी ढाल तू घेतलीस.

बाबांचं जुनं पिवळं विमान मी उडवत आणलं होतं आणि तू पुढे बसला होतास. या विमानात चालवणारा मागे बसतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या नव्या निवेदकाला नव्हतं. ढाल तुझ्या हातात देऊन त्यानं मला विचारलं, "काय आजी, भीती नाही ना वाटली?"

"आत्ता वाटतेय, तुझ्या अकलेची," मी म्हणाले. लोक हसले. तू ढाल माझ्याकडे देशील म्हणून मी थांबले, पण तू हात हलवत राहिलास.

माझ्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी आता उडणं बंद केलंय. ते माझं शेवटचं उतरणं होतं, आणि आडव्या वाऱ्यातही चाकं अलगद टेकली होती. शाळेतल्या नन्सनी मला खोटं गिळायला शिकवलं नाही.

काल तुला भेटायला आले तेव्हा वृद्धाश्रमात ढाल तुझ्या उशाशी होती. माझं नाव तुला आठवेना, पण तू विचारलंस, "तू मागे होतीस ना? कसं उतरवलं मी?"

"अगदी बाबांसारखं," मी म्हणाले.

हे पत्र टाकण्यात अर्थ नाही, कारण ते तुला मलाच वाचून दाखवावं लागेल. तरीही ते विमान कोणी उतरवलं, याचं लेखी उत्तर मला ३० जूनच्या आत हवं आहे.

तुझी थोरली बहीण,
बर्नाडीन ह्रुस्का