उरलेला खडा

मंगळवार, १४ तारीख

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. हिचा खोकला गेला. तुला दिवसाची ड्यूटी मिळाली हे ऐकून बरं वाटलं. फोनच करणार होतो, पण तू आवाजावरून ओळखतेस, म्हणून लिहितोय.

रविवारी शर्यत आहे. पंचेचाळिशीपुढच्या गटात चौघांचा संघ लागतो आणि आमच्या क्लबात त्या वयाचे चौघंच: बाई, बेकरीवाला, पोस्टमन आणि मी. चढाचा टप्पा माझ्याकडे. बाई निवृत्त पी.टी. शिक्षिका, महिनाभर आम्हाला पिदडताहेत. आधी कोपरांवर प्लँक. "कंबरेची झोळी करू नका, फळी करा फळी!" मी घड्याळ बघत नाही, मनात देवाचं नाव घेतो. एकशे आठ झाले की दोन मिनिटं भरतात. हल्ली साठाच्या पुढे नाव तुटतं. पित्त असेल.

मग टेकडी, पाच वेळा. प्रत्येकाने पायथ्याशी पाच खडे खिशात घ्यायचे आणि दर चढाला एक माथ्यावर ठेवायचा. परवा रविवारी वर विसाऐवजी एकोणीसच निघाले.

"पोस्टमनसाहेब, एक टपाल गहाळ दिसतंय!" बेकरीवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

"आईशप्पथ, पाचही ठेवलेत."

"तुमचं पोट तसं सांगत नाही हो!"

"बरं बाबा, घ्या," म्हणून तो दुखरा गुडघा घेऊन सहाव्यांदा चढला. मी खाली बसून पाणी पीत होतो. खडा माझ्या खिशात होता.

चौथ्या चढाला मी वळणावरूनच परत फिरलो होतो. दुकानात बांधणीचं पुस्तक शिकंज्यात घालून पेच आवळतो ना, तसं छातीत झालं. डावा दंड जड. थोडं बसल्यावर गेलं. हिला सांगितलेलं नाही.

आपले अण्णाही जिन्यात बसून पित्तच म्हणाले होते. तू तेव्हा नर्सिंगला होतीस. त्यांना लिंबूपाणी मीच दिलं आणि वर चला म्हणालो. गेले तेव्हा ते एक्कावन्नचे होते. मला पुढच्या महिन्यात पन्नास.

दोन दिवस देवापुढे हात जोडून मी संघाचंच मागतोय. मागायचं ते ओठांवर येत नाही.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. पोस्टमन अकराला दुकानात टपाल घेऊन येतो, त्याच्याच हातात देणार. आधी खडा त्याच्या तळहातावर ठेवणार आणि का उरला तेही सांगणार. मग माझी शर्यत संपली, संघाचीही. म्हणजे पत्र तुला मिळालं, तर समज की मी बोललो. शुक्रवारी पहिल्या बसने तुझ्या हॉस्पिटलात येतो. डॉक्टरांना विचारून ठेव. त्याआधी बोलावलंस तर त्याआधी.

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. इथेच थांबतो.

तुझा,
खडा मुठीत धरून बसलेला
भाऊ