आकसलेलं माप

लोहारा, यवतमाळ
शुक्रवार

प्रिय उज्ज्वला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच चुलीत घालशील, अशी मला भीती आहे. घातलंस तरी तक्रार करायला मला तोंड नाही. फोनवर बोललो असतो, पण माझा नंबर तू दीड वर्षापूर्वीच बंद करून टाकलास. आमचे मालक साजिदभाई, त्यांच्या फोनवरून लावून बघ, असं त्यांनीच दोनदा सुचवलं. पण दुसऱ्याच्या नंबराआडून तुझ्याशी बोलायचं, म्हणजे आणखी एक लबाडी झाली असती. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं चालवून घे.

आधी घरचं सांगतो. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे. बाचा गुडघा सुजतो, तरी ऐकत नाहीत, रोज शेतावर जातात. या दिवाळीलाही तू उमरखेडहून आली नाहीस. अमावास्येला तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन मेराची ओवाळणी मागत आपल्या दारी आल्या. दरवर्षी त्यांच्या पुढे तू असायचीस. याडी चुलीपुढून उठलीच नाही, शेवटी शेजारच्या रुपीबाईने त्यांना ओवाळणी घातली. याडीला वाटतं की तिची लेक दवाखान्यातल्या नोकरीमुळे येत नाही. म्हणजे तिला तसं वाटून घ्यायचं होतं. खरं कारण मला माहीत होतं, पण तेही अर्धंच.

उज्ज्वला, ते दात सरळ करून दे असं तू कधी म्हणालीच नव्हतीस. तुझे समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते आणि तू हसलीस की चार घरं पलीकडे ऐकू जायचं, तुला त्याचं काही नव्हतं. होतं ते मला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तांड्याचे नाईक देवसिंगकाका सगळ्यांसमोर मला 'आमचा डॉक्टर' म्हणाले. मी डॉक्टर नाही. दातांच्या लॅबमध्ये साचे बनवणारा कारागीर आहे, माणसाच्या तोंडात हात घालायचा मला अधिकार नाही. पण तांडा डॉक्टर म्हणायचा आणि मी एकदाही नाही म्हटलं नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो मी. त्याच भरात बोलून गेलो की शहरातल्या पोरी लावतात तसे पारदर्शक अलाइनर मी बहिणीला घरच्या घरी बनवून देतो, कोणाला दिसणारसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसवून तुझं माप घेतलं, आठवतं? गुलाबी पावडर याडीच्या पितळी वाटीत कालवली. तुला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अर्धा तांडा भोवती उभा राहून बघत होता. ते माप मी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं. त्यात पंधरा-वीस मिनिटांच्या आत प्लास्टर ओतावं लागतं, नाहीतर ते सुकतं आणि आकसतं. हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. प्लास्टर मी आणलंच नव्हतं. वर जेवायला बसलो, काकांनी आग्रह केला, मी डॉक्टर म्हणून दोनदा वाढून घेतलं. मग दारव्ह्याला जीप भरेपर्यंत दीड तास उभा होतो. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, हे मला काय नवीन होतं? लोहाऱ्याला लॅबवर पोचलो तेव्हा चार तास उलटून गेले होते. डबा उघडला तर मापाच्या कडा वाळून सुटल्या होत्या. मी त्या बघितल्या, उज्ज्वला. परत तांड्यावर जाऊन 'माप बिघडलं' म्हणायची लाज वाटली. चालून जाईल म्हटलं आणि त्यातच प्लास्टर ओतलं.

त्या एका साच्यावरून तुझ्या अलाइनरचे अठरा जोड बनले. पंधरा दिवसांना एक जोड, दिवसाचे बावीस तास घालायचे, फक्त जेवताना आणि दात घासताना काढायचे. पहिला जोड घातल्यापासून तू सांगत होतीस की नीट बसत नाही, पुढच्या दातापाशी फट राहते, डोकं ठणकतं. मी म्हणायचो की सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं. चावायला रबराची कांडी पाठवली आणि दाबून बसव म्हटलं. तुझा तो पुढचा दात लहानपणी हापशीच्या दांड्याने दुखावलेला होता, हेही मला माहीत होतं. हापसत मीच होतो. कुठल्याही खऱ्या डॉक्टरने आधी त्याचा एक्स-रे काढायला लावला असता.

मग होळी आली. सातवा जोड सुरू होता आणि पुसदकडचे पाहुणे तुला बघायला येऊन बसले होते. मी तुझ्या तोंडात वाकून बघितलं, फट आणखी वाढलेली होती. तेव्हा तरी माझ्या डोळ्यांपुढे तो डबा यायला हवा होता. आला नाही, असं म्हणणार होतो. पण या पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. क्षणभर आला होता. तेवढ्यात काकांनी विचारलं की काय डॉक्टर, काम जमलं नाही का, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, "बसत नाही म्हंजे हे घालतच नाही. मी गेलो का काढून ठेवते." तू आधी हसलीस, मी थट्टा करतोय असं वाटून. मग म्हणालीस, "भीया, म्या एक दिवस बी काढलं नाही. याडीची शप्पत." आणि याडीने उठून तुझ्या थोबाडीत मारली, खोट्या शपथेला तिचं नाव घेतलं म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ती अशी. मी जागचा हललो नाही. पाहुणे चहा घेऊन गेले ते पुन्हा आलेच नाहीत.

त्यानंतर याडीने तुझ्यावर पहारा ठेवला तो मी सांगितलं म्हणून. सकाळ-संध्याकाळ तोंड उघडून दाखवायचं, जेवायला दहा मिनिटं. तू भाकर दुधात कुस्करून गिळायला लागलीस. फोनवर ती मला सांगायची की आता पोरगी बरोबर घालते, आणि मी हूं हूं करायचो. जूनमध्ये दात हलायला लागला, तेव्हाही मी म्हणालो की आधी नीट घातलं असतं तर ही वेळ आली नसती. तू अठरापैकी उरलेले सगळे जोड ओट्यावर ठेवलेस आणि उमरखेडची नोकरी धरलीस. तरी मला वाटत राहिलं की तू थोडा तरी आळस केलाच असणार. तसं वाटल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

या सोमवारी एसटीने उमरखेडच्या एका दातांच्या डॉक्टरांचा डबा आला. त्यांचं काम आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. आत वरच्या दातांचा प्लास्टरचा साचा, समोर एका दाताची जागा रिकामी आणि चिठ्ठीवर तुझं नाव. दात काढावा लागला, हे मला असं कळलं. मग कपाटातून तुझा जुना साचा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजले. मागच्या दाढांना मी हात लावला नव्हता, त्यांच्यातलं अंतर तेवढंच निघायला पाहिजे होतं. माझा साचा जवळजवळ दीड मिलिमीटरने लहान निघाला. पाचदा मोजलं. त्या साच्यावरचा एकही जोड तुझ्या तोंडात कधी बसणारच नव्हता. तू तो दाबून, रडून, बावीस-बावीस तास घालत होतीस, आणि जेवढं माझं ऐकत होतीस तेवढा तो दात मरत होता. साजिदभाईंनी दोन्ही साचे बघितले. मग माझ्या हातातून मोजपट्टी काढून घेतली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आता काहीही केलं तरी तो दात परत उगवणार नाही, आणि होळीचा तो दिवसही मला परत घेता येणार नाही. नंतरचे दोन दिवस मी कामावर नुसते बसून काढले.

काल तांड्यावर जाऊन सांगून आलो. बा आणि याडीला आधी, मग काकांच्या ओट्यावर सगळ्यांना, जसं होळीला बोललो होतो तसंच. बा पानावरून उठून शेताकडे गेले, मी निघेपर्यंत परतले नव्हते. याडी रडली नाही. तिने पेटी उघडून प्रवासाचं लुगडं काढलं आणि उमरखेडची गाडी कधी असते, एवढंच विचारलं. हे पत्र त्यासाठी लिहिलं. येत्या बुधवारी ती तुझ्या दारात उभी असेल, एकटी. तिने जन्मात कोणाची माफी मागितलेली नाही, तिला ती मागता येणार नाही. नुसती उभी राहील किंवा तुझी भांडी घासायला बसेल. तिला आत घे. तिच्यावरचा राग माझ्या नावावर टाक, मी माफी मागत नाही आणि तू देऊही नकोस. तुझा नवा दात येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे पोचेल. चिठ्ठीवर लॅबचं नाव वाचून तो परत पाठवू नकोस. साजिदभाईंनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बसून केलाय. त्याला माझा हात लागलेला नाही, उज्ज्वला, एवढं माझं खरं मान.

तुझाच म्हणायचा हक्क गमावलेला,
जीवन