कण्हेरीच्या सहा काड्या

३ मे

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तुझे टोमॅटो तहानेने नाही, पाण्याने मेले. तुमच्याकडे ना ऊन कडक ना थंडी, हवा सदा दमट. तिथे नवशिक्याचा हात उगाचच झारीकडे जातो. बोट दोन पेरं मातीत खुपस, कोरडं लागलं तरच पाणी घाल, तेही सकाळी आणि मुळाशी. कुंड्या खेटून ठेवू नकोस, मधून वारा गेला नाही की पानांवर बुरशी धरते. कुंपणासाठी कण्हेरीच्या सहा काड्या पाठवते आहे. ती कशानेही मरत नाही, तुझ्यानेसुद्धा मरायची नाही.

बाबा आता तुझ्याकडे आहेत, त्यांना बागेत बसव. चाळीस वर्षं रोपवाटिका चालवलेला माणूस खोलीत कोमेजेल. कुंड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मात्र लावू नकोस. पानाची कड चावून ज्याला झाड ओळखता येत नाही त्याने कांदे विकावेत, हे त्यांचं म्हणणं आठवतं ना?

माया आहेच, पत्राने ती ताजी ठेव.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोट खुपसून खुपसून माझी नखं काळी झाली, पण मेथी उगवली. सहाही काड्यांना पालवी फुटली आहे. कुंपणाशी लावण्याआधी त्या कुंड्यांत ठेवल्यात, बाबांच्या खुर्चीजवळ. ते खूश आहेत. दिवसभर एकेक पान खुडतात, चावतात आणि नाव सांगतात. काल ओव्याला पुदिना म्हणाले. मी म्हटलं, आता कांदे विकायला बसा. हसले. मला मात्र हल्ली तुझ्याच नावाने हाक मारतात.

थोरलेपणाचा अधिकार चालू ठेव, रागावत जा.

तुझी बाळी

१२ जून

चि. बाळीस आशीर्वाद.

हे वाचताच आधी कण्हेर हलव. तिचं पान, फूल, साल, चीक, सगळं विषारी असतं. हातमोजे घाल, जाळू नकोस, धूरही वाईट. बाबांनी एखादं जरी पान चावलं असेल तर त्रास व्हायची वाट पाहू नकोस, ते पान घेऊन थेट दवाखान्यात जा. तू कामाला जातेस त्या वाचनालयाच्या फोनवर निरोप ठेवला आहे. ज्याने घेतला तो अर्धवट ऐकत होता, म्हणून हे पत्रही.

मी सात वर्षांची असताना कण्हेरीचं पान तोंडाशी नेलं, तेव्हा बाबांनीच माझ्या हातावर फटका मारला होता. त्यांना ठाऊक आहे, हे मी गृहीत धरलं. ते विसरू लागलेत हेही मला ठाऊक होतं. मग दोन्ही गोष्टी मी एकत्र का ठेवल्या नाहीत? खरं सांगते, ओवा-पुदिन्याचं वाचून पहिल्यांदा मी हसले. तिसऱ्यांदा वाचताना खुर्चीजवळच्या कुंड्या ध्यानात आल्या आणि फोनकडे धावले.

उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल.

ताई

१६ जून

ती. ताईस सा. न.

निरोप मिळाला तेव्हा मी कामावर होते. घरी धावले. एका फांदीवरचं पान अर्धं होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, हे कुठलं ते आठवतच नाही, म्हणून पुन्हा चावून पाहिलं.

पुन्हा म्हणजे किती वेळा, ते डॉक्टरांनीही विचारलं. नाडी फार मंद झाली होती, ठोके चुकत होते. दोन दिवस छातीला तारा लावून ठेवलं. आता धोका नाही म्हणतात, उद्या घरी सोडतील. कण्हेर काढली. उरलेली बागही उपटून टाकू का? मला प्रत्येक पानाची भीती वाटते आहे.

काड्या तू पाठवल्यास, खुर्चीजवळ मी ठेवल्या. एकटीने सगळं ओढून घेऊ नकोस.

बाळी

१९ जून

चि. बाळीस आशीर्वाद.

बाग उपटू नकोस. बाबा पान तोंडात घालणारच. हात बांधून ठेवायचा तो माणूस नाही. म्हणून जे खाता येतं तेवढंच ठेव: मेथी, कोथिंबीर, पुदिना, ओवा, गवती चहा. टोमॅटो पुन्हा लावू नकोस, त्याची पानं चांगली नसतात. कसली फवारणी नको. त्यांनी ओव्याला पुदिना म्हटलं तर हो म्हण.

मी शनिवारी येते, महिनाभर राहीन. कुंपणाच्या आतलं आपण दोघी सांभाळू. ते सकाळी फिरायला जातात त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना काय काय उगवलं आहे, ते तेवढं मी येण्याआधी पाहून ठेव.

जीव थाऱ्यावर ठेव, माझाही तुझ्या पत्रावरच आहे.

तुझी ताई