तिसरं मत

प्रिय बुटके,

काल रोपवाटिकेच्या दारात तू हसून म्हणालीस, "जाऊ दे गं, निदान तू तरी माझ्या बाजूने भांडलीस." मी नुसती मान हलवली. तेव्हापासून तुझ्याशी धड बोलता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आपलं शेतकीचं विद्यापीठ केवढंसं. एका वर्गात कुणी शिंकलं तर दुसऱ्या वर्गात कळतं. पण पहिल्या वर्षाच्या मुलांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे तूच. परवा तू त्यांना करपा पडलेली बटाट्याची पानं हुंगायला लावलीस, तेव्हा एक मुलगी नाक दाबून बाहेर पळाली. संध्याकाळी तीच ओंजळभर पानं घेऊन तुला शोधत आली. मला असं शिकवता येत नाही. माझ्या तासाला मागची रांग डुलक्या काढते, असं तूच चिडवतेस.

इतकी वर्षं हंगामी म्हणून राबलीस आणि कायमची जागा निघाली, ती बाहेरच्या मुलाला मिळाली. मुलगा हुशार आहे. करप्यावरचं त्याचं काम त्याने फळ्यावर समजावलं, तेव्हा कुलगुरूसुद्धा खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागले. तुलाही तो आवडेल. हे मी तुला पटवतेय की स्वतःला, कोण जाणे.

तुझ्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी विचारलं, मधल्या काळात संशोधन का नाही? मी समितीत समोरच बसले होते, पण तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "शिकवण्यात वेळ गेला," एवढंच म्हणालीस. कुणाचे तास शिकवण्यात, हे त्या खोलीत तुझ्याशिवाय मलाच ठाऊक होतं. मी डॉक्टरेटसाठी बाहेर गेले, तेव्हा माझे सगळे तास तू घेतलेस, माझ्या प्रयोगाची रोपं जगवलीस आणि तुझा प्रबंध अर्धाच राहिला. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मैत्रिणीची तळी उचलते म्हणतील, असं मनाला समजावत मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. खरं म्हणजे माझी पदवी तुझ्या जिवावर मिळाली, हे मला त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

समितीत आम्ही तिघंच होतो. कुलगुरूंनी त्या मुलाला मत दिलं. परीक्षकबाईंनी तुला दिलं; म्हणाल्या, शिकवणारं माणूस घडवता येत नाही. तिसरं मत माझं होतं. ते मी त्याला दिलं.

आज सकाळी कुलगुरूंना सगळं सांगून आले. निवड बदलणार नाही म्हणाले. आता तुला सांगायचं राहिलं होतं. माझे आभार मानायला तू रविवारी मला जेवायला बोलावलं आहेस. तुझ्या घरी बसून ते आभार ऐकून घेण्याइतकी मी निर्ढावलेली नाही. हे वाचूनही बोलावणं कायम असेल तर निरोप पाठव. नसेल, तर का नाही म्हणून विचारायला मी येणार नाही.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
लंबू