गॅस संपत नसतो, नाना

नाना, तुमच्या दुकानावर मी एक पाटी लावली आहे. ती तुम्हाला मुळीच आवडली नसती, म्हणून आधी तीच सांगते. 'लीक शोधल्याशिवाय गॅस भरून मिळणार नाही.' लाल अक्षरांत, तुमच्या नावाच्या बरोबर खाली. पहिल्या उन्हाळ्यात लोक पाटी वाचून परत जायचे. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "ताई, बापनं जमाडेल गिऱ्हाईक तू पाटी लाईसन हाकली ऱ्हायनी." मी म्हटलं, हाकलते तर हाकलते, पण पाटी निघणार नाही. धुळ्यात मे महिन्यात एसी बंद पडला की माणूस इतका रडकुंडीला येतो की मिस्त्री सांगेल ते त्याला पटतं. गॅस संपला म्हटलं की तो मान डोलावतो आणि पाकीट काढतो. गॅस म्हणजे काय स्कूटरमधलं पेट्रोल आहे, चालवलं की संपायला? बंद नळीत फिरणारा गॅस वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झाला, तर कुठेतरी भोक आहे. हे मला तुम्हीच शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला मात्र तुम्ही कधी सांगितलं नाही, आणि मला राग त्याचाच आहे.

तुमचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आयटीआयमध्ये पूर्ण वर्गात मी एकटी मुलगी होते, तेव्हा काका घरी येऊन सांगून गेले की पोरगी शिड्या चढत फिरली तर तिला पदरात कोण घेईल. तुम्ही त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी भर चौकात, दुपारी बाराच्या उन्हात, मला तिसऱ्या मजल्याच्या शिडीवर चढवलं. खाली उभे राहून शिडी धरली आणि बघ्यांना म्हणालात, "देखा, मनी आंडेर शे." 'माझी मुलगी आहे' एवढंच, पण त्या दिवसापासून मला शिडीची भीती वाटली नाही. परीक्षा पास झाले तेव्हा गॅसचा दाब मोजायचा तुमचा पितळी गेजचा जोड तुम्ही पुसून माझ्या हातात दिलात. तुम्हीच मला वर चढवलंत आणि तुम्हीच माझं तोंड बंद केलंत. या दोन गोष्टी मला अजून एकत्र ठेवता येत नाहीत.

देवपुरातल्या बाईंची गच्ची आठवते? बाई शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, एसी दोन वर्षांचा होता. मी एकोणीस वर्षांची. तुम्ही गेज लावताय आणि मी आयटीआयत शिकलेलं करून बघायचं म्हणून साबणाचा फेस बाहेरच्या यंत्राच्या नळीवर सोडते आहे. वळणाजवळ फेसाचा बारीक बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. मी ओरडलेच, "नाना, सापडलं!" अर्ध्या तासाचं काम होतं, भोकावर झाळून एक डाग दिला की संपलं. तुम्ही खांद्यावरचं फडकं घेतलंत आणि तो फेस पुसून टाकलात. "गप बैस. आज हाई भोक बुजाडं, ते पुढला साल आपले कोन बलाई? आनि तुनी फी कोठेन भरू?" मग खाली जाऊन बाईंना म्हणालात, गॅस भरलाय, आता चिंता नाही. बाईंनी आपल्याला पन्हं दिलं. मी ते प्यायले. गोड होतं, वेलची होती त्यात.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तुम्ही दुसऱ्या मिस्त्र्यांबद्दल म्हणायचात. मग तुमचं काय वेगळं होतं? स्कूटरवर परत येताना तुम्ही मला समजावलं की दरसाल थोडे पैसे कोणालाही जड जात नाहीत, त्यांचंही चालतं, आपलंही चालतं.  त्याचं उत्तर मला आज सुचतं, आणि ऐकवायला तुम्ही नाही. उत्तर हे, की भोक थांबत नाही. कमी गॅसवर चालून कॉम्प्रेसर तापतो, विजेचं बिल वाढतं, आणि जिथे एक डाग पुरला असता तिथे पुढे सगळी कॉइल जाते. तुम्ही गेलात, दुकान बंद झालं, मी जळगावला एका सर्व्हिस सेंटरमध्ये सात वर्षं राबले. तिथेही 'नवा घ्या, नवा घ्या' चाललेलं, चांगलं यंत्र भंगारात काढायचं. ते लबाड एका बाजूचे, तुम्ही दुसऱ्या बाजूचे. मी धुळ्याला परत आले ती कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरवून. माझा हिशेब साधा आहे आणि तो मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. यंत्र पाच-सात वर्षांचं असेल आणि एकच भोक असेल, तर बुजवा आणि वापरा. दहा वर्षं उलटली, कॉइल गेली, आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर तो पैसा पाण्यात. मग नवाच घ्या.

यात एक अडचण आहे, नाना. मी खरं बोलले की तुम्ही खोटे ठरता. तुमच्या दहाव्याला गिऱ्हाइकं इतकी आली होती की आईला दारात चपला ठेवायला जागा सापडेना. मिस्त्री असावा तर असा, असं जो तो म्हणत होता. त्या घरांत आता मी जाते आणि प्रत्येक ठिकाणी धाकधूक असते की आता तुमच्याबद्दल विचारतील. दोन उन्हाळे कोणी विचारलं नाही.

या मे महिन्यात बाईंचा फोन आला. तुमचं नाव दुकानावर पुन्हा दिसलं म्हणून त्यांनी केला. त्यांच्या यजमानांना, सरांना, अर्धांगवायू झाला आहे, ते त्याच खोलीत पडून असतात, पाठीला घामोळ्यांनी जखमा झाल्यात. एसी तोच, सोळा वर्षांचा. तुमच्यानंतर दुसऱ्या कोणीतरी दर उन्हाळ्यात गॅस भरला, तुमच्यासारखाच. मी नळ्यांत दाबाने नायट्रोजन सोडून तपासलं तर कॉइलची चाळणी झालेली, कॉम्प्रेसर मरायला टेकलेला, आणि त्या जुन्या जातीचा गॅसही आता महाग. मी खाली येऊन म्हटलं, "बाई, यात आता एक रुपया घालू नका. सरांसाठी आजच नवा आणा."

बाई पंख्याखाली बसल्या होत्या. म्हणाल्या, "आणते. पण एक सांग मला. हे भोक एकदम तर पडलं नसेल ना गं? नाना दरसाल यायचे. त्यांना कधीच दिसलं नाही?"

शाळेत फळ्याकडे पाठ करून उभं राहिल्यासारखं वाटलं मला. नाही म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, तुमचं नाव राहिलं असतं. पण मग ती पाटी उतरवावी लागली असती.

मी म्हटलं, "दिसलं होतं, बाई. मलाच दिसलं होतं, या गच्चीवर, एकोणीस वर्षांची असताना. नानांनाही माहीत होतं. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

बाई काही रागावल्या नाहीत. सरांच्या कपाळावरची पट्टी ओली करून पुन्हा ठेवली आणि म्हणाल्या, "बरं. ये तू आता." एसी त्यांनी संध्याकाळीच आणला. बसवायला दुसऱ्या माणसाला बोलावलं.

आई म्हणते, बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडून तुला काय मिळालं. मी तिला सांगितलं की पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा सांगेन. तुम्हालाही तेच सांगायला बसले होते, चांगलं खडसावून. तुम्ही माझं तोंड बंद केलंत, हे तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. पण इथवर लिहून आले आणि मोजून पाहिलं. त्यानंतर आपण बाईंकडे आणखी चार उन्हाळे गेलो. दरवेळी गच्चीवर मी होते, ते वळण कुठे आहे ते मला माहीत होतं, आणि दरवेळी खाली येऊन मी पन्हं प्यायले. तुम्ही मला गप्प बस असं एकदाच म्हणाला होतात.