प्रमोदिनीच्या नावचे पैसे

लातूर,
ता. ८ एप्रिल १९८३

ती. पार्वतीबाई यांना,

वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल अशी आशा. लोह्याला पाण्याचं कसं काय? इथे जिल्हा झाला म्हणून गुलाल उधळला, पेढे वाटले. नळ मात्र अजून तालुक्याचाच आहे. गल्लीत टँकर येतो आणि घागरींवरून रोज भांडणं होतात. परवा तर मीही एकीला चांगलं सुनावलं.

हे अक्षर तुम्ही ओळखणार नाही. मी वसंतराव मुरुडकरांची बायको. म्हणजे दुसरी. तुमची मुलगी गेल्यावर वर्षाने मी या घरात आले. पत्र फाडून टाकावंसं वाटत असेल तर जरा थांबा, पुढे तुमच्या पैशांची गोष्ट आहे.

माझं माहेरचं नाव इंदू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, तेव्हा ह्यांनी लिहिलं ‘प्रमोदिनी’. सासूबाई म्हणाल्या, “घराला त्याच नावाची सवय झालीय, नवं कशाला हुडकायचं?” मी खाली मान घालून बसलेली. नवरीला कोण विचारतं! तुमच्या मुलीचं नाव होतं तसंच्या तसं मला लागलं.

गेल्या ऑगस्टात ह्यांची बदली उस्मानाबादहून इथल्या नव्या कचेरीत झाली. मी शिवणकाम करते. ब्लाऊजांचे पैसे ठेवायला ह्यांनी मला बँकेत खातं काढून दिलं, ते अर्थातच प्रमोदिनीच्या नावाने. आता असं झालं, की तुमच्या मुलीने नोकरीत असताना शिक्षकांच्या पतसंस्थेत दरमहा पैसे टाकले होते. त्या गेल्याचं शाळेला कळलं, पण पतसंस्थेला कळवायचं राहूनच गेलं. जिल्हे वेगळे झाले तसे लातूरकडच्या शिक्षकांचे हिशोब मिटवायला काढले. कुणीतरी बाईचं नाव पाहिलं, नवऱ्याचं पाहिलं, आणि इथल्या बँकेत तंतोतंत तीच बाई जिवंत सापडली. पैसे भरून मोकळे!

मी पासबुक भरून घ्यायला गेले तर चार हजारांच्या वर रक्कम. एवढ्याचे ब्लाऊज मी या जन्मात शिवले नसते. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “राहू दे की. माझीच बायको होती, चोरी केली का आपण कुणाची?” अंगणात बोअर मारायचं त्यांच्या मनात फार दिवस आहे. माझ्या मनात बोअर आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि मनातल्या मनात पाणीसुद्धा लागलं. पण गेलेल्या बाईच्या पगाराचं पाणी भरायला हात होईना.

म्हणून मी बँकेत जाऊन साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, बरं केलंत हात लावला नाहीत ते. चुकून आलेला पैसा खर्च केला तरी आपला होत नाही, आज ना उद्या भरावाच लागतो. लेखी द्या.” मी लेखी दिलं. पतसंस्थेचं उत्तर आलं, की बाईंनी वारस म्हणून आईचं नाव लावलेलं आहे, मुक्काम लोहा. तुमचा पत्ता मला तिथून मिळाला. घरात विचारायची सोय नव्हती.

सोबत अर्ज आहे. त्यावर खूण केलेल्या जागी सही करून पाठवा, बाकीचे कागद मी इथून जोडते. तुम्ही स्वतः यायची काही गरज नाही. ऊन फार आहे, एसटीला गर्दी, या वयात उगाच दगदग नको. पोस्टाने पाठवलं तरी पुरे.

शैला बरी आहे. दुसरीत आहे.

आपली,
सौ. प्रमोदिनी वसंतराव मुरुडकर
(नाव पाहून दचकू नका, कागदोपत्री माझ्याकडे दुसरं नाही.)


लातूर,
ता. २७ एप्रिल १९८३

ती. पार्वतीबाई यांना नमस्कार.

अर्ज मिळाला, तुमचं कार्डही मिळालं. पतसंस्थेने माझ्या खात्यातले पैसे परत घेतले आणि तुमच्या नावाचा ड्राफ्ट निघाला, तो रजिस्टरने येईल. पोस्टमनला काही द्यायचं नसतं. मागेल, देऊ नका.

तुम्ही लिहिलंत, “ऊन लोह्यालाही आहे. येऊ नका म्हणायचं असेल तर तसं लिहा.” वाचून मला इतका राग आला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. मी एवढी धावपळ केली, घरात बोलणी खाल्ली, आणि वर हे! इकडे हे अजून बोअरचं नाव काढून सुस्कारे सोडतात. सासूबाई म्हणतात, “हातातलं देऊन बसली, आता घागरी वाहा.”

पण खरं बोललेलं जास्त झोंबतं. उन्हाचं मी खोटंच लिहिलं होतं.

तुम्ही पुढे लिहिलंत, की या पैशातून नांदेडला जाऊन आधी मोतीबिंदू काढून घेणार आणि मग नात बघायला येणार, झाकलेल्या डोळ्यांनी बघण्यात काय राम. ते वाचून मी कार्ड घडी करून पोलक्यात खोचलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. म्हणजे मी पाठवलेल्या पैशातून तुमचे डोळे होणार, आणि त्या डोळ्यांनी तुम्ही माझ्या दारात येणार. इतकी वर्षं सासूबाईंनी तुम्हाला ‘पोर बावचळेल, येऊ नका’ म्हणून लांब ठेवलं. मी काय वेगळं केलं? फक्त गोड शब्दांत लिहिलं.

आता सरळ सांगते. शैलाला माहीत नाही.

तुमची मुलगी गेली तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. मी आले, मलाही तेच नाव. शेजारीपाजारी सगळे उस्मानाबादला राहिले. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव प्रमोदिनी, रेशनकार्डावर प्रमोदिनी, सगळं खरं आणि सगळं खोटं. आपली आई मीच, असं तिला वाटतं. मलाही तसंच वाटतं. मला मूल झालं नाही, आता होईल असं वाटत नाही. ती गोवरात फणफणली तेव्हा मी शिवण बंद ठेवून मांडीवर घेऊन बसले होते. रात्री ती झोपेत माझ्या पदराचं टोक धरते, अजून. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तुम्ही आलात, तिला जवळ घेतलंत आणि म्हणालात ‘माझ्या यमुनेची पोर’, की माझ्या हातून हे सगळं जाईल, याची मला भीती वाटते. फार वाटते.

यमुना हे नाव मी तुमच्या कार्डात पहिल्यांदा वाचलं. मला वाटत होतं त्या जन्मापासून प्रमोदिनीच. त्यांचंही नाव ताटातच बदललेलं, हे डोक्यातच आलं नव्हतं. पाच वर्षं मी त्यांच्या नावावर चिडून आहे. नाव तर त्यांचंही नव्हतं.

पैसे परत करणं सोपं गेलं हो. बँकेत जायचं, लिहून द्यायचं, झालं. पोरीचं कुठे लिहून द्यायचं?

तुम्ही डोळे करून घ्या. ऑपरेशन लांबवू नका, मला वेळ मिळावा म्हणून तर मुळीच नको. शैलाची परीक्षा संपली आहे. मी तिला सांगते. तुमच्या तोंडून कळण्याआधी माझ्याच तोंडून कळू दे, एवढं मला द्या. कसं सांगायचं ते सुचत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, “मोठी होऊ दे.” पुरुषांचं बरं असतं, कुठलीही गोष्ट मोठी होईपर्यंत थांबतात.

इंदू


लातूर,
ता. १९ मे १९८३

ती. आईंना,

आई लिहिलं, रागावू नका. बाई लिहायला बरं वाटेना.

ऑपरेशन नीट झाल्याचं तुमच्या शेजारच्या गुरुजींनी कळवलं. पट्टी निघाली, आता दिसतंय, हे वाचून शैलाने उडी मारली. होय, तिला माहीत आहे. तिनेच पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

सांगितलं ते असं. टँकरच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या होतो. मी घरात किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, तिथे कसं कोण जाणे बोलून गेले. म्हटलं, शैले, तुला जन्म देणारी आई वेगळी होती, ती आजारपणात गेली. तिचं नाव यमुना, घरात प्रमोदिनी. ती शाळेत शिकवायची. मी नंतर आले.

ती घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “पण प्रमोदिनी तर तू आहेस.”

मी म्हटलं, “मला तिचं नाव दिलं.”

“तिला विचारलं होतं?”

आई, मी रिकामी घागर उचलून कमरेवर घेतली. मागची बाई ओरडली, “ओ शिलाईवाल्या बाई, सरका की म्होरं, पानी संपायलंय!” आम्ही सरकलो, घागरी भरल्या, घरी आलो.

त्यानंतर काही दिवस ती मला आई म्हणाली नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची. सासूबाई मला म्हणाल्या, “बघ, पोरीच्या डोक्यात काय घालून ठेवलीस! सुखातला जीव दुःखात.” त्या काही वाईट नाहीत, त्यांचंही पोरीवर प्रेमच आहे. मी स्वयंपाकघरात पीठ मळता मळता रडले आणि मग भाकरी थापल्या. खारट झाल्या असतील, कुणी बोललं नाही.

एका दुपारी शैलाने ह्यांना विचारलं, “अण्णा, ती कशी दिसायची?” हे उठले. चपला घालून भर उन्हात बाहेर पडले. मला वाटलं आता रात्रीच येतील. तर तासाभरात परत आले, लोह्याहून अहमदपूरमार्गे येणाऱ्या गाड्यांच्या वेळा स्टँडवरून लिहून आणलेल्या. म्हणाले, “लोह्याला लिही. म्हणावं, उतरवून घ्यायला मी येतो. सकाळच्या गाडीने या म्हणावं, ऊन लागत नाही.” आणि मग पोरीकडे न बघता म्हणाले, “तिला फार हसू यायचं. वर्गातसुद्धा.” इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून मी यमुनाताईंबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

त्या रात्री शैला माझ्याजवळ आली. म्हणाली, “लोह्याच्या आजीला मी आवडेन का?” मी म्हटलं, “त्यांनी डोळे कशासाठी केले मग?” तिने थोडा विचार केला आणि पदर ओढून घेतला. सकाळी मी शिवायला बसले होते, तर अंगणातून हाक आली, “आई, टँकर आला!” मी मशीनवरून उठले ती घागर न घेताच पळाले.

तर या. तुम्ही शैलाला जवळ घ्या, यमुनाताईंची पोर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. भीती गेली असं नाही, पण तुम्ही न येण्याने ती जाईल असंही वाटत नाही. चार दिवस राहा. सासूबाईंशी माझी बोलणी झाली आहेत, त्या तुमच्यासाठी शेवया करून ठेवतायत. पाण्याची काळजी करू नका, शैला आणि मी आणतो.

एक मागणं आहे. पोरगी रोज विचारते, ती कशी दिसायची, नाक कसं होतं, केस किती लांब होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. या घरात त्यांचा एकही फोटो ठेवलेला नाही. तुमच्याकडे असेल तर आणा. भिंतीवर खिळा मी मारून ठेवला आहे.

वाट पाहते.

तुमची,
शैलाची दुसरी आई